डोक्यावरची गर्दी : अंतराळाची सुरक्षितता आणि आपण



या मंचावरून आजवर पाणी, शेती, शिक्षण, सहकार अशा विषयांवर जाणती माणसं बोलून गेली आहेत. त्या रांगेत अंतराळ कुठे बसतं, अशी शंका संयोजकांपैकी एकांनी माझ्यापाशी बोलून दाखवली होती. त्यांना मी चंद्रपूर जिल्ह्यातल्या लाडबोरीची आठवण करून दिली. मग शंका उरली नाही.

२ एप्रिल २०२२. गुढीपाडव्याचा दिवस. संध्याकाळी पावणेआठच्या सुमारास विदर्भ-खानदेशापासून मध्य प्रदेशापर्यंत लोकांनी आकाशातून जळत जाणारी लांबलचक रेघ पाहिली. कुणाला ती उल्का वाटली, कुणाला विमान पेटलं असं वाटलं. त्याच वेळी सिंदेवाही तालुक्यातल्या लाडबोरी गावात मोकळ्या जागेवर धातूचं एक भलंमोठं कडं येऊन आदळलं. व्यास जवळपास तीन मीटर. जवळच्याच पवनपारला धातूचा गोळा सापडला. कुणाला इजा झाली नाही, पण ती कुणाच्या काळजीमुळे टळली असं मात्र नाही. इस्रोचे शास्त्रज्ञ येऊन तपासणी करून गेले. सुरुवातीला न्यूझीलंडहून त्याच दिवशी उडालेल्या एका रॉकेटचं नाव पुढे आलं होतं. मग अभ्यासकांनी कक्षांचा हिशेब जुळवला आणि हा चीनच्या लाँग मार्च ३बी रॉकेटचा तिसरा टप्पा असल्याचं निष्पन्न झालं. फेब्रुवारी २०२१ मध्ये तो उडाला होता. आपलं काम आटोपल्यावर चौदा महिने तो पृथ्वीभोवती फिरत राहिला आणि सणाच्या संध्याकाळी आपल्या अंगणात उतरला.

आता यातली कायद्याची बाजू पाहा, कारण पुढचं सगळं तिथूनच उलगडतं. १९६७च्या बाह्य अंतराळ करारानुसार अंतराळात सोडलेल्या वस्तूवरची मालकी कधीच सुटत नाही. ती वस्तू वर असो, खाली पडो, मोडकी असो, मालक तोच देश. १९६८चा करार सांगतो की अशी वस्तू सापडली तर ज्याची त्याला कळवा आणि मागितली तर परत करा. आणि १९७२चा दायित्व करार सांगतो की जमिनीवर नुकसान झालं तर सोडणाऱ्या देशाने भरपाई द्यायची. चूक सिद्ध करण्याचीही गरज नाही. कागदावर चोख व्यवस्था. प्रत्यक्षात १९७८च्या जानेवारीत सोव्हिएत संघाचा कॉसमॉस ९५४ हा अणुभट्टी असलेला उपग्रह कॅनडाच्या बर्फाळ उत्तर भागात कोसळला, किरणोत्सारी तुकडे शोधत माणसं महिनोन्‌महिने फिरली, कॅनडाने साठ लाख डॉलर मागितले आणि १९८१ मध्ये तीस लाखांवर तडजोड झाली. इतक्या वर्षांत या कराराच्या आधाराने भरपाई मिळाल्याचं सांगण्याजोगं उदाहरण म्हणून सगळे हेच एक नाव घेतात.

चीनच्या नावाने बोटं मोडण्याआधी आणखी एक गोष्ट. जुलै २०२३ मध्ये पश्चिम ऑस्ट्रेलियात ग्रीन हेड नावाच्या गावाजवळच्या किनाऱ्यावर माणसाच्या उंचीपेक्षा मोठं नळकांडं वाहत आलं. तो आपल्या पीएसएलव्हीच्या तिसऱ्या टप्प्याचा भाग होता. ऑस्ट्रेलियाचा तो पश्चिम भाग या बाबतीत कमनशिबीच म्हणायचा. १९७९ मध्ये अमेरिकेची स्कायलॅब ही अंतराळ प्रयोगशाळा तिथेच कोसळली होती. इथे बसलेल्या ज्येष्ठांना ते दिवस आठवत असतील, आपल्याकडेही लोकांनी धसका घेतला होता. तिथल्या एस्पेरन्स गावाच्या स्थानिक संस्थेने नासाला कचरा टाकल्याबद्दल चारशे डॉलरचा दंड ठोकला. आपल्या एखाद्या ग्रामपंचायतीला हे सुचायला हवं होतं!

पण खाली पडणारा कचरा हा या विषयातला सर्वांत किरकोळ भाग आहे. खाली आलं ते संपलं. खरी चिंता वर राहतं त्याची, आणि किती काळ राहतं हे जवळजवळ सर्वस्वी उंचीवर ठरतं. वर हवा अगदी विरळ असली तरी काही प्रमाणात असतेच. तिच्या घर्षणाने वस्तूचा वेग मंदावतो आणि ती उतरू लागते. तीनशे किलोमीटरवर हे काम काही आठवड्यांत वा महिन्यांत उरकतं. पाचशेवर वर्षं लागतात. आठशेवर शतक, दोन शतकं. हजाराच्या वर गेलात तर हजारो वर्षं. छत्तीस हजार किलोमीटरवरच्या भूस्थिर कक्षेतून तर आपोआप काहीच खाली येत नाही. आणि खालच्या कक्षांमध्ये वेग सेकंदाला साडेसात किलोमीटर. या वेगाने येणारा सेंटिमीटरभर तुकडा चालता उपग्रह निकामी करू शकतो. युरोपीय अंतराळ संस्थेच्या अंदाजानुसार एक सेंटिमीटरपेक्षा मोठे तुकडे बारा लाखांवर आहेत. रडार आणि दुर्बिणींनी ज्यांची नोंद ठेवता येते अशा वस्तू साधारण चाळीस हजार. बाकीचे कुठून कधी समोर येतील, सांगता येत नाही.

११ जानेवारी २००७ रोजी चीनने आपलाच फेंगयुन-१सी हा जुना हवामान उपग्रह क्षेपणास्त्राने फोडला. उंची सुमारे ८६५ किलोमीटर. नोंद होण्याइतके मोठे तुकडेच तीन हजारांवर निघाले आणि त्यातले बहुतेक आजही वरच आहेत. आपली पिकं, जलाशय, जंगलं यांचे नकाशे ज्याच्या छायाचित्रांवरून होतात तो रिसोर्ससॅट ८१७ किलोमीटरवर फिरतो. म्हणजे एका देशाने एका सकाळी केलेल्या प्रात्यक्षिकाचा उपद्रव, ज्यांचा त्याच्याशी काही संबंध नाही अशांना, त्यांच्या नातवंडांपर्यंत सोसायचा आहे. शेजाऱ्याला धाक दाखवायचा म्हणून सामायिक विहिरीत विष टाकावं, तसा हा प्रकार. टाकणाराही त्याच विहिरीचं पाणी पितो.

दोन वर्षांनी, १० फेब्रुवारी २००९ला, सायबेरियावर सुमारे ७९० किलोमीटर उंचीवर अमेरिकी कंपनीचा चालू इरिडियम ३३ आणि रशियाचा कधीच मेलेला कॉसमॉस २२५१ एकमेकांवर आदळले. दोन अखंड उपग्रहांची ही पहिलीच टक्कर. नासाच्या डोनाल्ड केसलर यांनी बर्टन कूर-पाले यांच्यासह १९७८ मध्येच लिहून ठेवलं होतं की वस्तूंची दाटी एका मर्यादेपलीकडे गेली की टकरींतून तुकडे, तुकड्यांतून टकरी असं चक्र सुरू होईल आणि मग नवीन काही सोडलं नाही तरी कचरा वाढतच राहील. काही पट्ट्यांत ती मर्यादा ओलांडली गेली आहे असं मानणारे अभ्यासक आज कमी नाहीत.

माझा आजचा मुख्य मुद्दा इथे येतो. जगाने या प्रश्नाची वाटणी दोन गावांमध्ये करून ठेवली आहे. कचरा, कक्षा, शांततामय वापर हे विषय व्हिएन्नात, संयुक्त राष्ट्रांच्या कोपुओस समितीकडे. शस्त्रांचा विषय जिनिव्हात, निःशस्त्रीकरण परिषदेकडे. व्हिएन्नात काम होतं. तिथे १९६८च्या पहिल्या अंतराळ परिषदेचं वैज्ञानिक अध्यक्षपद विक्रम साराभाईंनी भूषवलं होतं, २०१९ मध्ये तिथेच दीर्घकालीन शाश्वततेची एकवीस मार्गदर्शक तत्त्वं सर्वानुमते ठरली, आणि त्यांच्या पुढच्या टप्प्यावर काम करणाऱ्या कार्यगटाचं अध्यक्षपद भारताकडे आलं. जिनिव्हात मात्र प्रत्येक निर्णयाला सर्वांची संमती लागते आणि अंतराळातल्या शस्त्रस्पर्धेचा विषय दशकानुदशकं कार्यक्रमपत्रिकेवर पडून आहे. व्हिएन्नातली मंडळी उपग्रह संपल्यावर तो कसा उतरवावा याचे बारीकसारीक नियम करतात. पण सर्वांत मोठे ढिगारे ज्या स्फोटांनी केले, त्यांबद्दल बोलायचं तर ते जिनिव्हाचं काम. ही वाटणीच मुळात चुकलेली आहे.

त्यातून मोठ्या राष्ट्रांची युक्ती अशी की ज्याच्याकडे जे आहे ते सोडून बाकीच्यावर बंदी मागायची. रशिया आणि चीन यांनी २००८ मध्ये कराराचा मसुदा मांडला, २०१४ मध्ये सुधारून आणला. अंतराळात शस्त्र ठेवायला त्यात बंदी; पण जमिनीवरून उपग्रह पाडणारी क्षेपणास्त्रं बनवण्याबद्दल आणि त्यांच्या चाचणीबद्दल तो गप्प. अमेरिकेने एप्रिल २०२२ मध्ये जाहीर केलं की उपग्रह फोडणाऱ्या चाचण्या आम्ही करणार नाही. चांगलं केलं. पण तशी चाचणी त्यांची १९८५ मध्येही झाली होती आणि २००८ मध्येही. क्षमता हातात आहे, ती राहणारच.

आणि आपण? २७ मार्च २०१९ रोजी ओडिशाच्या किनाऱ्यालगतच्या अब्दुल कलाम बेटावरून डीआरडीओच्या क्षेपणास्त्राने आपलाच मायक्रोसॅट-आर हा उपग्रह टिपला. मिशन शक्ती. उंची तीनशे किलोमीटरच्या आत मुद्दाम निवडली होती आणि हा निर्णय चीनच्या तुलनेत निश्चितच जबाबदारीचा होता. त्यामागचा विचारही मला कळतो. १९६८च्या अण्वस्त्रप्रसारबंदी कराराने, ज्यांनी आधी स्फोट केले ते कायमचे आत आणि बाकीचे कायमचे बाहेर, अशी रेघ ओढली. उद्या अंतराळात तशीच रेघ ओढली गेली तर भारत पुन्हा बाहेर राहू नये, ही धास्ती पोकळ नव्हती. पण तुकडे पंचेचाळीस दिवसांत जळून जातील असं आपण सांगितलं होतं, तसं घडलं नाही. आघात खालच्या उंचीवर झाला तरी त्याच्या जोराने काही तुकडे वर फेकले जातात. चोवीस तुकडे आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकाच्या उंचीच्याही वर गेल्याचं नासाच्या तेव्हाच्या प्रमुखांनी जाहीरपणे सांगितलं, तेही नाराजीने. बहुतेक तुकडे लवकर गेले, काही दोन वर्षांहून अधिक काळ रेंगाळले. आपल्या वृत्तवाहिन्यांनी त्या आठवड्यात विजयाचे ढोल वाजवले. पंचेचाळिसाव्या दिवशी काय झालं हे विचारायला कुणी गेलं नाही.

१५ नोव्हेंबर २०२१ला रशियाने कॉसमॉस १४०८ फोडला. नोंदवता येण्याजोगे दीड हजारांवर तुकडे झाले आणि अंतराळ स्थानकावरच्या सात जणांना परतीच्या यानांत जाऊन बसावं लागलं. त्या सातांत दोघे रशियाचेच होते. पुढच्या वर्षी डिसेंबरमध्ये अशा विध्वंसक चाचण्या करू नयेत असा ठराव संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत आला. बाजूने १५५, विरोधात ९, तटस्थ ९. भारत तटस्थ राहिला. आपलं म्हणणं असं की नुसत्या स्वेच्छेच्या घोषणा नकोत, सर्वांना कायद्याने बांधणारा करार हवा. म्हणणं तत्त्वतः बरोबर आहे. पण जो करार जिनिव्हात दशकानुदशकं होत नाही त्याची वाट पाहत थांबणं, याला भूमिका म्हणावं की सोय, हा प्रश्न मला पडतो.

हे झालं शस्त्रांचं. दरम्यान कक्षांमध्ये निराळीच गर्दी उसळली आहे. २०१९च्या सुरुवातीला चालू उपग्रह दोन हजारांच्या आसपास होते. आज दहा हजारांच्या पुढे गेले आहेत आणि त्यातले निम्म्याहून अधिक स्टारलिंक या एकाच खासगी इंटरनेट-उपग्रहमालिकेचे आहेत. चीनच्या अशाच दोन प्रचंड मालिका उभ्या राहत आहेत. २ सप्टेंबर २०१९ची गोष्ट आहे. युरोपचा वाऱ्यांचा अभ्यास करणारा एओलस उपग्रह आणि एक स्टारलिंक धोकादायक जवळ येणार होते. युरोपीय संस्थेने कंपनीशी ईमेलवर संपर्क साधला. धोका वाढल्याचे पुढचे इशारे कंपनीच्या यंत्रणेतल्या बिघाडामुळे संबंधित माणसापर्यंत पोहोचलेच नाहीत. शेवटी एओलसलाच बाजूला सरकवलं गेलं. कुणी आधी सरकायचं याचा नियम समुद्रात आहे, हवेत आहे. अंतराळात आजही नाही. नंतर स्टारलिंकने उपग्रह आपोआप बाजूला होतील अशी व्यवस्था केली, आणि मे २०२४ अखेरच्या सहा महिन्यांत या उपग्रहांनी टक्कर टाळण्यासाठी सुमारे पन्नास हजार वेळा आपली वाट बदलली. व्यवस्था उत्तम चालते आहे, हे मान्य. पण एवढ्या मोठ्या सार्वजनिक जागेची सुरक्षितता एका खासगी कंपनीच्या संगणकप्रणालीवर सोपवली गेली आणि त्याला कुणाची संमती घ्यावी लागली नाही, हे मला अस्वस्थ करतं.

या गर्दीचा आपल्याला आलेला अनुभवही ऐका. १४ जुलै २०२३ला चांद्रयान-३ श्रीहरिकोट्याहून उडालं ते आधी ठरलेल्या क्षणापेक्षा चार सेकंद उशिरा. वाटेत एका वस्तूशी गाठ पडण्याची शक्यता इस्रोच्या हिशेबात दिसली होती. त्या दिवशी आपण सगळे दूरदर्शनसमोर श्वास रोखून बसलो होतो. या चार सेकंदांची दखल फार थोड्यांनी घेतली.

आवाज न करता चालणाऱ्या शस्त्रांबद्दल थोडं बोलतो. २४ फेब्रुवारी २०२२ला रशियाचं सैन्य युक्रेनमध्ये शिरलं, त्याच्या तासाभर आधी व्हायासॅट कंपनीच्या उपग्रह इंटरनेट सेवेवर सायबर हल्ला झाला. उपग्रहाला धक्काही लागला नाही; जमिनीवरचे हजारो मोडेम निकामी झाले. युक्रेनवर केलेल्या त्या घावाने जर्मनीतल्या ५,८०० पवनचक्क्यांचं दूरनियंत्रण तुटलं. जीपीएसचे खोटे संकेत सोडून विमानांना, जहाजांना चकवणं तर आता युद्धभूमीपुरतं राहिलेलं नाही. नोव्हेंबर २०२५ मध्ये दिल्ली विमानतळाच्या परिसरात असे प्रकार घडल्याचं सरकारने संसदेत मान्य केलं. यात तुकडा एकही उडत नाही, म्हणून जुन्या करारांच्या चौकटीत हे कुठेच नीट बसत नाही.

कचरा साफ करणारं यानही या संशयातून सुटत नाही. जानेवारी २०२२ मध्ये चीनच्या एका यानाने आपला निकामी बैदू उपग्रह पकडून दूरच्या कक्षेत नेऊन सोडला. २०२४ मध्ये जपानच्या अ‍ॅस्ट्रोस्केल कंपनीचं यान एका जुन्या रॉकेट टप्प्याच्या पंधरा मीटरपर्यंत पोहोचलं. जानेवारी २०२५ मध्ये स्पेडेक्स मोहिमेत आपण दोन यानं कक्षेत जोडून दाखवली. कौतुकाचीच कामं. पण मेलेला उपग्रह पकडता येतो, तर जिवंतही पकडता येतो. आणि दुसऱ्याच्या कचऱ्याला हात लावायचा तर मालक देशाची परवानगी हवी, कारण मघाशी सांगितल्याप्रमाणे मालकी कधीच सुटत नाही. लाडबोरीच्या कड्याला जो नियम, तोच आठशे किलोमीटरवरच्या मेलेल्या रॉकेटांना.

एवढं असूनही अंतराळात अण्वस्त्रं ठेवायला १९६७च्या त्याच बाह्य अंतराळ कराराने घातलेली बंदी तरी भक्कम आहे, असं आपण मानत होतो. ती कशामुळे आली? ९ जुलै १९६२ रोजी अमेरिकेने प्रशांत महासागरावर चारशे किलोमीटर उंचीवर १.४ मेगाटनचा अणुस्फोट केला. स्टारफिश प्राइम हे त्याचं नाव. दीड हजार किलोमीटरवरच्या हवाईत रस्त्यावरचे काही दिवे गेले, आणि मागे राहिलेल्या किरणोत्साराने त्या काळच्या मूठभर उपग्रहांपैकी अनेक मारले. दुसऱ्याच दिवशी सोडलेला टेलस्टार हा उपग्रहही त्यातून वाचला नाही. एप्रिल २०२४ मध्ये त्या बंदीचा पुनरुच्चार करणारा अमेरिका-जपानचा ठराव सुरक्षा परिषदेत आला. तेरा देश बाजूने होते, चीन तटस्थ राहिला, रशियाने नकाराधिकार वापरला. अशी चाचणी पुन्हा झाली तर शत्रू-मित्र, सैनिकी-मुलकी असा भेद उरणार नाही. आणि आपलं रोजचं किती काही या उपग्रहांवर उभं आहे, ते पाहा. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर येण्याआधी ते कुठे पोहोचलंय हे आपल्याला उपग्रहांनीच दाखवलं होतं. मासळी कुठे लागेल याची सूचना कोकणातल्या मच्छीमाराला उपग्रहांच्याच आधारे मिळते. नारायणगावजवळच्या खोडदला आपली जीएमआरटी दुर्बीण तीस अवाढव्य तबकड्यांनी दूरच्या आकाशगंगांची क्षीण कुजबुज ऐकते. ज्या लहरींवर ती कान देते त्याच पट्ट्यात स्टारलिंकच्या उपग्रहांमधून नकळत गळणारा गोंगाट युरोपातल्या खगोलशास्त्रज्ञांनी २०२३ मध्ये नोंदवला. नुकसानीला स्फोटच लागतो असं नाही.

भारताच्या बाजूने सांगण्यासारखं बरंच आहे आणि ते अभिमानाने सांगावं. डिसेंबर २००१ मध्ये आपल्या पीएसएलव्ही-सी३चा वर राहिलेला चौथा टप्पा फुटला आणि शेकडो तुकडे झाले. इस्रोने धडा घेतला. त्यानंतर काम संपलेल्या टप्प्यातलं उरलंसुरलं इंधन काढून टाकण्याची पद्धत सुरू झाली. आता तर तोच टप्पा पोएम नावाने छोट्या प्रयोगांसाठी वापरला जातो. जानेवारी २०२४च्या मोहिमेनंतर तो ६५० वरून ३५० किलोमीटरवर उतरवला गेला आणि मार्चमध्ये समुद्रावर संपला. मार्च २०२३ मध्ये मेघा-ट्रॉपिक्स हा उपग्रह, मुळात तशी सोय त्यात नसताना, उरलेल्या इंधनावर हिशेबाने प्रशांत महासागरात उतरवला. २०३० पर्यंत सर्व भारतीय मोहिमा कचरामुक्त करण्याचा संकल्प इस्रोने जाहीर केला आहे. बेंगळुरूला २०२२ पासून त्यासाठी स्वतंत्र केंद्र आहे, आणि दरवर्षी जोखमीचा अहवालही निघतो. चार सेकंदांचा तपशील त्याच अहवालात आहे.

मात्र हे सगळं इस्रोच्या संस्कारावर उभं आहे, कायद्यावर नाही. २०२० पासून खासगी कंपन्यांना दार उघडलं, २०२३ मध्ये अंतराळ धोरण आलं, स्कायरूट आणि अग्निकुल या खासगी कंपन्यांची रॉकेटं उडाली. १९६७चा करार म्हणतो की खासगी कंपनीने काही केलं तरी जगापुढे जबाबदार देश. मग त्या कंपनीकडून विमा कोण घ्यायला लावणार, उपग्रह किती वर्षांत उतरवायचा हे कोण बांधून देणार, न पाळल्यास दंड किती? अमेरिकेत उपग्रह ठरल्या उंचीवर नेऊन न सोडल्याबद्दल डिश कंपनीला २०२३ मध्ये दीड लाख डॉलरचा दंड झाला. रक्कम त्या कंपनीला किरकोळ, पण तो झाला. आपल्याकडे २०१७ मध्ये अंतराळ व्यवहार विधेयकाचा मसुदा लोकांपुढे ठेवला गेला. कायदा अजून झालेला नाही.

म्हणून माझी मागणी दोनच गोष्टींची आहे. उपग्रह फोडणारी चाचणी पुन्हा करणार नाही, अशी घोषणा भारताने स्वतःहून करावी. पस्तीसहून अधिक देशांनी ती केली आहे. २०१९ मध्ये जे सिद्ध करायचं ते आपण सिद्ध केलं. ती क्षमता या घोषणेने जात नाही, आणि व्हिएन्नात शाश्वततेच्या कार्यगटाचं अध्यक्षपद सांभाळणाऱ्या देशाच्या शब्दाला त्याने वजन येतं. दुसरं, अंतराळ कायद्याचं विधेयक संसदेत यावं. या सभागृहात निवडणुकांच्या काळात उमेदवारांच्याही सभा होतात असं मला संयोजकांनी सांगितलं. पुढच्या वेळी ते आले की रस्ते, पाणी, वीज यांबरोबर या दोन गोष्टीही त्यांना विचारा, आणि उत्तर लेखी मागा.